न उकळलेला चहा



थंडीच्या दिवसांत घरभेटीला निघालो म्हणजे आपल्या तलमडुगूच्या परिसरात कोणत्याही घरी चहा चुकत नाही. अंगणात पाय ठेवतो न ठेवतो तोच आत पातेले चुलीवर चढते. कापूस वेचून थकून आलेली माऊलीसुद्धा "फादर, चहा तर घ्याच" असे म्हणते, आणि नाही म्हटले तर तिचे तोंड उतरते. दहा घरे झाली म्हणजे दहा कप होतात. एका कपात दोन चमचे साखर धरली, तरी संध्याकाळपर्यंत वीस चमचे साखर पोटात जाते. गेल्या वर्षी मी रक्त तपासून घेतले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "फादर, साखर अगदी सीमेवर आली आहे. चहा कमी करा."

सांगणे सोपे आहे, पण आपल्याकडे चहा म्हणजे नुसते पेय नव्हे, तो मान आहे. तो नाकारावा कसा? या प्रश्नाचे उत्तर मला एका अगदी अनपेक्षित जागी मिळाले. तेच या वेळी शेती व आरोग्याच्या पानावर सांगावयाचे आहे.

पुण्यातील एक दुपार

सेमिनरीतील माझा एक सोबती पुण्यात असतो. पुण्याजवळ रांजणगाव, तळेगाव या भागांत कोरियन कंपन्यांचे कारखाने आहेत. त्यामुळे पुण्यात बरीच कोरियन कुटुंबे राहतात. अशाच एका कॅथलिक कुटुंबाकडे माझा मित्र मला घेऊन गेला. घरातील आजी मुलाकडे काही महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांना ना मराठी येत होते ना इंग्रजी, त्यांचा मुलगा दुभाषा झाला.

आम्ही जमिनीवर बसलो. आजींनी समोर एक बुटके लाकडी मेज मांडले. त्यावर मुठीएवढी मातीची किटली, दांडी नसलेले तीन-चार लहान पेले आणि ओठ काढलेला एक वाडगा होता. पाणी आधणाचे झाले, पण ते पानांवर ओतले नाही! आधी ते त्या वाडग्यात ओतले आणि निवत ठेवले. मला वाटले, आजी विसरल्या. मुलगा म्हणाला, "हिरव्या पानाला कढत पाणी सोसत नाही, ते कडू होते. पाणी सत्तर अंशांपर्यंत उतरले पाहिजे." मग माणशी दोन ग्रॅम, म्हणजे चिमूट-दोन चिमटी वाळलेली पाने किटलीत पडली. वर ते निवलेले पाणी आले, आणि दीड-दोन मिनिटे कोणी काही बोलले नाही.

ओततानाही एक रीत होती. एकच पेला काठोकाठ भरायचा नाही. पहिल्यात थोडे, दुसऱ्यात थोडे, तिसऱ्यात थोडे, आणि मग तिसऱ्यापासून उलटे पहिल्याकडे यायचे. का, तर किटलीतील पहिले पाणी फिके व शेवटचे दाट असते. असे ओतले म्हणजे फादरच्या आणि लेकराच्या पेल्यात एकाच चवीचा चहा येतो.

आता चवीविषयी. पहिला घोट घेतला आणि खरे सांगतो, मी निराश झालो. ना दूध, ना साखर, ना आले. रंग म्हणाल तर मुगाच्या वरच्या पाण्यासारखा. पण घोट गिळल्यावर नाकात एक वास भरला, आणि तो ओळखीचा होता! शेकोटीवर ज्वारीचे कोवळे कणीस भाजून हुरडा चोळताना जो वास येतो, त्याच जातीचा. दुसऱ्यांदा पाणी घातले तेव्हा जिभेला तुरटपणा लागला, थोडा कडवटपणाही, आणि क्षणभराने घशाशी गोडी आली. आवळा खाऊन वर पाणी प्यावे आणि ते पाणी गोड लागावे, अगदी तसे. कोरियात म्हणतात की चांगल्या चहात पाच चवी असतात : कडू, तुरट, आंबट, खारट आणि गोड. मला त्यांतल्या तीन लागल्या, बाकीच्या दोन आजींना लागल्या असतील. तिसऱ्यांदा पाणी घातले तेव्हा चव फिकी, पण स्वच्छ होती.

या सगळ्यात अर्धा-पाऊण तास गेला. चहा करणाऱ्या आजी आमच्या समोरच बसल्या होत्या आणि आमच्याबरोबरच पीत होत्या. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी मी तिच्याकडे परत येणार आहे.

पान तेच, रीत निराळी

कोरियाचा चहा म्हणजे काही वेगळेच झाड असेल असे मला वाटले होते. तसे नाही. आसामच्या मळ्यातील आणि कोरियाच्या डोंगरावरील झुडूप एकाच कुळातले, तिकडचे लहान पानाचे इतकेच. फरक पान खुडल्यानंतर पडतो. वांगे चिरून ठेवले तर हवा लागून काळे पडते, पण लगेच कढईत टाकले तर पडत नाही. चहाच्या पानाचे असेच आहे. आपल्याकडे पान यंत्रात चुरडून, फाडून, हवेवर काळे होऊ देतात व मग वाळवतात. त्याचे दाणे होतात. असा दाणा पटकन रंग सोडतो आणि त्याबरोबर कडूपणाही. म्हणूनच त्याला दूध आणि साखर लागते.

कोरियात खुडलेले पान लगेच मोठ्या लोखंडी कढईत हाताने परततात, चटईवर चोळतात, निववतात आणि पुन्हा परततात. जुने कारागीर हे नऊ वेळा करावे असे सांगतात. हुरड्याचा वास येतो तो या भाजण्यातून. 

आपण कापसाची पहिली वेचणी, दुसरी वेचणी म्हणतो व भाव तसा ठरतो. तिकडेही तसेच आहे. एप्रिलच्या 20 तारखेच्या सुमारास त्यांच्या पंचांगात धान्याच्या पावसाचा दिवस येतो. त्याआधी खुडलेले कोवळे शेंडे सर्वांत मोलाचे. त्यानंतर मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचे पान दुसऱ्या प्रतीचे, आणि पुढे पान मोठे होत जाईल तसा भाव उतरतो. कोवळ्या शेंड्याला ते लोक 'चिमणीची जीभ' म्हणतात.

दक्षिणेकडील बोसोंग येथे चहाचे आखीव मळे आहेत. पण जिरीसान पर्वताच्या पायथ्याशी हादोंग येथे लहान शेतकरी खडकाळ उतारावर, जवळजवळ रानटी वाढणारी झुडुपे राखतात आणि हाताने पाने खुडतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने 2017 साली हादोंगच्या या पद्धतीची जगातील महत्त्वाच्या शेती-वारशात नोंद केली. ट्रॅक्टर न जाणाऱ्या जमिनीवरही शेतकरी मोलाचे पीक घेऊ शकतो, हे आपणही ध्यानी घेण्याजोगे आहे.

हा चहा तेथे आला कसा? कोरियाच्या जुन्या इतिहासग्रंथात अशी नोंद आहे की, 828 साली किम दे-र्योम नावाच्या राजदूताने चीनहून चहाचे बी आणले व राजाच्या हुकमाने ते जिरीसानवर पेरले. दुसरी एक आख्यायिका तर आपल्या देशाशी नाते सांगते. अयुता देशाची, म्हणजे पुष्कळांच्या मते अयोध्येची, राजकन्या समुद्र ओलांडून कोरियाच्या राजाची राणी झाली आणि तिने येताना चहाचे बी आणले, असे लोक सांगतात. ती आख्यायिकाच आहे, पण तिच्या नावाचे स्मारक अयोध्येत 2001 साली उभे राहिले.

चहाच्या डोंगरावरचा कैदी

पेले धुऊन झाल्यावर त्या घरच्या मुलाने एक हकीकत सांगितली. ती आपण ख्रिस्ती लोकांनी जरूर ऐकावी.

कोरियात ख्रिस्तसभा स्थापन झाली ती मिशनऱ्यांकडून नव्हे, तर प्रापंचिकांकडून. काही विद्वानांनी चीनमधून आलेली पुस्तके वाचली, आणि 1784 साली यी सुंग-हुन या तरुणाने बीजिंगला जाऊन बाप्तिस्मा घेतला. त्याचे मेहुणे म्हणजे जोंग घराण्यातील भाऊ. त्यांपैकी जोंग याक-जोंग यांनी सामान्य माणसाला कळेल अशा कोरियन लिपीत धर्मशिक्षणाचे पुस्तक लिहिले. 1801 सालच्या छळात त्यांचा शिरच्छेद झाला. त्यांचा मुलगा जोंग हा-सांग 1839 साली हुतात्मा झाला. पोपमहोदय जॉन पॉल दुसरे यांनी 1984 साली सोल येथे ज्या 103 हुतात्म्यांना संतपद दिले, त्यांत तो आहे. पित्याला पोपमहोदय फ्रान्सिस यांनी 2014 साली धन्यवादित घोषित केले.

धाकटे भाऊ जोंग याक-योंग यांनीही तारुण्यात ही श्रद्धा स्वीकारली होती, पण पुढे राजदरबारात त्यांनी ती जाहीरपणे सोडली. ते हुतात्मा झाले नाहीत. तरीही 1801 साली त्यांना हद्दपार केले गेले, आणि वर्षअखेर ते देशाच्या दक्षिण टोकाला गांगजिन येथे येऊन पडले. गुन्हेगार म्हणून कोणी दार उघडेना. शेवटी एका खानावळीच्या म्हाताऱ्या मालकिणीने त्यांना खोली दिली. त्या खोलीत त्यांनी चार वर्षे काढली.

प्रकृती ढासळली होती, पोट बिघडले होते. जवळच्या मठातील एका बौद्ध भिक्षूशी त्यांची मैत्री झाली, आणि त्याच्याकडे त्यांनी 1805 साली पत्र लिहून चहा मागितला. एवढा मोठा विद्वान, पण पानासाठी पदर पसरायला लाजला नाही. 1808 साली ते एका टेकडीवरील झोपडीत राहावयास गेले. टेकडीवर रानचहा वाढत असे, म्हणून तिचे नाव दासान, म्हणजे चहाचा डोंगर. आज कोरियात लहान मूलही त्यांना दासान याच नावाने ओळखते. तेथे त्यांनी शिष्य शिकविले आणि राज्यकारभारापासून वैद्यकापर्यंत शेकडो खंड लिहिले. जो कसतो त्यालाच जमीन मिळावी, असे आपण आज म्हणतो, ते त्यांनी हद्दपार होण्याच्याही आधी लिहून ठेवले होते.

अठरा वर्षांनी, 1818 साली, त्यांची सुटका झाली. निघताना अठरा शिष्यांनी आपसांत एक करार केला. त्याचे नाव 'चहाच्या विश्वासाची मंडळी' असे होते. आपल्या बचत गटासारखीच ती मंडळी होती, आणि दर वसंतात चहा खुडून, तयार करून गुरूकडे पाठवायचा असे त्यात ठरले. पुढे 1830 साली म्हाताऱ्या गुरूने एका शिष्याला पत्रातून कृती कळविली : पान तीनदा वाफवावे, तीनदा वाळवावे, बारीक दळावे, झऱ्याच्या पाण्यात कालवून लहान वड्या थापाव्यात. गुरू 1836 साली वारले. तरी त्या शिष्याच्या घराण्याने गुरूच्या घरी चहा पाठविण्याचा नेम पिढ्यान्‌पिढ्या पाळला. जपानी अंमलात कोरियन चहा जपानी नावाने विकला जाऊ लागला, तेव्हा याच घराण्यातील यी हान-योंग यांनी आपल्या चहाला स्वतंत्र नाव देऊन ते त्यावर छापले.

हे ऐकून मी बराच वेळ गप्प होतो. आपण कप खाली ठेवला की उपकार विसरतो. त्या लोकांनी चिमूटभर पानांवर शंभर वर्षे शब्द राखला.

चहा, ज्यात चहाचे पान नाही

आपल्याला अधिक उपयोगी अशी एक गोष्ट आता सांगतो. कोरियात 'चा' म्हणजे नुसते चहाचे पान नव्हे. गरीब शेतकऱ्याला पान परवडत नसे. लोखंडी भांड्यात भात शिजला की तळाला खरवड धरते. त्यावर पाणी घालून ते ऊन ऊन प्यायचे, हा त्यांचा रोजचा चहा. आपली पेज आठवते ना? याशिवाय भाजलेल्या जवाचे पाणी, भाजलेल्या मक्याचे पाणी, आल्याचा काढा, बोराच्या भाऊबंदांपैकी असलेल्या एका फळाचा काढा, या सर्वांना ते 'चा'च म्हणतात. पुष्कळ घरांत साध्या पाण्याऐवजी जवाचे पाणीच पितात.

आणखी एक नवल सांगतो. आपल्या बांधावर पावसाळ्यात माजणारा तरोटा, ज्याला टाकळाही म्हणतात, त्याच्याच जातीचे बी भाजून कोरियन लोक चहा करतात! पण येथे मी हात जोडून सांगतो, कोणीही रानातले बी आणून हा प्रयोग करू नये. या बियांनी जुलाब होतात. शिवाय तरोट्यासारखाच दिसणारा कासविंदा विषारी आहे. त्याच्या बिया खाऊन आपल्या देशात लहान मुले दगावली आहेत. 2016 साली ओडिशातील मलकानगिरी जिल्ह्यात झालेल्या बालमृत्यूंच्या चौकशीतही या बियांचा संबंध सांगितला गेला. कोवळ्या तरोट्याची भाजी आपण ओळखून खातो ती खावी. बियांच्या वाटेला जाऊ नये, आणि मुलांना शेंगांशी खेळू देऊ नये.

मक्याचे पाणी मात्र कोणीही करावे. वाळलेल्या मक्याचे ओंजळभर दाणे तव्यावर मंद आचेवर गडद तपकिरी होईपर्यंत भाजावे, जळू देऊ नये. दोन लिटर पाण्यात ते पंधरा-वीस मिनिटे उकळावे, गाळावे, गरम किंवा निववून त्याच दिवशी प्यावे. यात उत्तेजक द्रव्य नाही, साखर नाही, म्हणून थोरांना व मुलांना चालते. पाणी उकळले जाते, हा पावसाळ्यात मोठाच फायदा.

आपल्या चहाविषयी चार शब्द

चहा सोडा असे मी सांगत नाही, मी स्वतः सोडलेला नाही. पण पुढील गोष्टी पाळा.

1. जेवणाबरोबर चहा नको. धान्य, डाळ, पालेभाजी यांतील लोह चहामुळे अंगी लागत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली दिलेल्या सूचनांत जेवणाच्या आधी व नंतर एक तास चहा टाळावा असे म्हटले आहे. रक्त कमी असलेल्या मुलींनी, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या मातांनी हे कटाक्षाने पाळावे. जेवताना लिंबू किंवा आवळा असावा, त्याने लोह अंगी लागण्यास मदत होते.

2. साखर मोजा. दोन चमचे म्हणजे सुमारे 10 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे 50 ग्रॅम ही वरची मर्यादा सांगते, आणि 25 ग्रॅमच्या आत राहिल्यास अधिक चांगले म्हणते. पाच कपांतच ती मर्यादा गाठली जाते. दर आठवड्यास अर्धा चमचा कमी करा, जीभ हळूहळू सवय लावून घेते.

3. कढत चहा घशाखाली लोटू नका. 65 अंशांहून अधिक गरम पेय नेहमी घेतल्याने अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका संभवतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने 2016 साली सांगितले. कोरियन आजींचा निववण्याचा वाडगा नुसती शोभा नव्हे. आपली बशीही तेच काम करते.

4. सकाळी शेतावर जाताना नुसत्या चहावर जाऊ नका. चहाने भूक मरते, पोट भरत नाही. आधी भाकरीचा तुकडा खावा.

5. हिरवा चहा औषध नव्हे. तो पितो म्हणून मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या कोणीही बंद करू नयेत.

आजी बसल्या

पुण्याहून परत आल्यावर पहिल्याच घरभेटीत मी एका वृद्ध आजींना म्हणालो, "आजी, आज माझ्या चहात साखर घालू नका."

आजी दारातच थबकल्या. "बिनसाखरेचा चहा पाहुण्यापुढं ठेवू, फादर? लोक म्हणतील, म्हातारीच्या घरची साखर सरली."

आमच्या डॉक्टरांना हे ठाऊक नसते. साखर कमी करणे म्हणजे नुसती जिभेची नव्हे, तर घराच्या अब्रूची गोष्ट असते. मी त्यांना मक्याच्या पाण्याची कृती सांगितली. पुढच्या खेपेस गेलो तर त्यांनी ते करून ठेवले होते. पितळी पेल्यात आणून माझ्यापुढे ठेवले आणि नेहमीप्रमाणे स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

तेव्हा मला पुण्यातील त्या आजी आठवल्या. तेथे चहा करणारी समोर बसली होती, सर्वांच्या पेल्यात सारखेच ओतून स्वतःही प्याली होती. आपल्याकडे चहा करणारी दाराशी उभी राहते आणि पाहुणा गेल्यावर पातेल्याच्या तळाशी उरलेले पिते. पुष्कळदा भाकरीऐवजी तेच पिते. अशा घरात रक्त कमी होते ते कोणाचे, हे वेगळे सांगायला हवे का?

मी म्हणालो, "आजी, अजून एक पेला आणा आणि इथे बसा. तुम्ही प्याल तरच मी पिईन."

त्या हसल्या, संकोचल्या, सुनेकडे पाहिले, पण बसल्या. सूनही बसली. आम्ही तिघांनी मक्याचे पाणी प्यायलो. अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासात त्यांनी आपल्या गुडघ्यांचे, सुनेला येणाऱ्या चक्करचे, आणि मुलाने काढलेल्या कर्जाचे सांगितले. इतकी वर्षे त्या घरी मी चहा पीत आलो, पण यातले काहीच मला ठाऊक नव्हते. कारण त्या उभ्या असत आणि मी घाईत असे.

या महिन्यात एवढे करून पाहा. घरी कोणी आले तर चहा करा, नाहीतर मक्याचे पाणी करा, साखर घाला किंवा घालू नका. पण जिने केला तिलाही एक पेला भरा आणि तिला बसू द्या.

आपला,
फादर